चोखोबांवर कोसळलेली भिंत

साल १३३८. मंगळवेढ्यात गावकुसाचं बांधकाम चाललं होतं. कामावरच्या मजुरांत संत चोखामेळा होते. भिंत कोसळली आणि खाली माणसं गाडली गेली, त्यात चोखोबाही गेले. पुढचं वारकरी परंपरा सांगते. पंढरपुराहून नामदेव आले, ढिगाऱ्यातली हाडं कानाशी धरून पाहू लागले. ज्या हाडांतून ‘विठ्ठल विठ्ठल’ ऐकू आलं ती चोखोबांची, म्हणून ती पंढरपूरला नेली आणि महाद्वारापाशी समाधी बांधली. नामदेव पायरीसमोरची ती समाधी सोलापूर जिल्ह्यातल्या बहुतेकांनी पाहिलेली असते.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना माझं मन हाडांपाशीच थांबायचं. आता ते भिंतीपाशी थांबतं. अभंग रचणारा हा माणूस त्या भिंतीखाली का होता? कारण तो महार होता, आणि गावाने सांगितलं की राबायला जायचं, हा त्याच्या जातीच्या वाट्याला आलेला नियम होता. नाही म्हणायची सोय नव्हती. याला वेठ म्हणतात. त्यात भर अशी की ज्या गावकुसासाठी तो राबत होता, त्याच्या आत राहायचा हक्क त्याला नव्हता. त्याची वस्ती कुसाबाहेर.

मग चोखोबांना कोणी मारलं? कोणी हात उगारला नाही, कोणाच्या हातात शस्त्र नव्हतं. आजचं पोलीस ठाणं असतं तर अपघाती मृत्यूची नोंद झाली असती आणि कागद बंद झाला असता. तरीही ‘हा अपघात’ एवढं म्हणून पुढे जायला मन तयार होत नाही. का होत नाही, हे नीट उलगडलं की समाजातली हिंसा कुठून येते ते बरंचसं कळतं.

हिंसा म्हटलं की आपल्याला आधी हात दिसतो: मारणारा, जाळणारा, दगड फेकणारा. ही प्रत्यक्ष हिंसा. तिला करणारा असतो, सोसणारा असतो, वेळ असते, जागा असते. तिची तात्काळ कारणंही समोर दिसतात: दारू, राग, शेताचा बांध, जुनं वैर, एखादी अफवा. बातमीत येतं ते एवढंच. ‘किरकोळ कारणावरून वाद’ हे शब्द आपण रोजच्या पेपरात इतक्यांदा वाचतो की त्यातला ‘किरकोळ’ आता खटकतही नाही.

नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये या हाताच्या मागे बघायला शिकवलं. त्यांचं म्हणणं साध्या शब्दांत असं: माणसाचं आयुष्य जसं असू शकलं असतं आणि जसं प्रत्यक्षात आहे, त्यातलं अंतर जर टाळता येण्यासारखं असेल, तर तिथे हिंसा आहे. मग मारणारा हात दिसो वा न दिसो. त्यांनी उदाहरण क्षयरोगाचं दिलं. अठराव्या शतकात क्षयाने कोणी गेलं तर त्याला हिंसा म्हणणं अवघड, कारण तेव्हा इलाजच नव्हता. आज औषध असताना ते कुणापर्यंत पोचलं नाही आणि तो गेला, तर गोष्ट वेगळी होते. कापसाच्या धुळीत आणि तंबाखूच्या भुकटीत पिढ्यान् पिढ्या खोकत आलेल्या सोलापूरला हे उदाहरण परकं वाटू नये. या हिंसेला गाल्टुंग यांनी संरचनात्मक हिंसा म्हटलं. शब्द जड आहे. मी माझ्यापुरतं तिला ‘भिंत’ म्हणते.

भिंत कोणी एकाने बांधलेली नसते. नियम, रीत, पैशाचा आणि पाण्याचा वाटा, कोणी कुठे राहायचं, कोणाचा शब्द ठाण्यात ऐकून घ्यायचा, असा एकेक दगड रचत ती उभी राहते. तिच्यालगतचे तिच्याखाली येतात, लांबच्यांना ती दिसतही नाही.

मी सोलापूरच्या पूर्वभागात वाढले. यंत्रमागाचा खडखडाट थांबला की आम्हाला झोपेतून जाग यायची, एवढी त्या आवाजाची सवय. शेजारी पद्मशाली कुटुंब होतं. मी त्यांना अक्का म्हणायचे. अक्का विड्या वळायच्या. मांडीवर सूप, त्यात कातरलेली पानं आणि तंबाखू, आणि बोटं अशी चालायची की बघणाऱ्याचे डोळे थकावेत. त्यांचा नवरा मागावर बारा तासांच्या पाळीला. मजुरी नगावर; ऑर्डर नसली की माग बंद आणि हातही रिकामे. अशा आठवड्यांत तो पिऊन यायचा आणि भिंतीपलीकडून आम्हाला सगळं ऐकू यायचं.

दुसऱ्या दिवशी नळावर बायका बोलायच्या, “पिऊन आला होता ना.” म्हणजे कारण सापडलं, विषय संपला.

मीही कितीतरी वर्षं तेच कारण मानलं. नंतर एक गोष्ट खुपायला लागली. तोच माणूस गुत्त्यावर चार जणांत बसून पीत असे, तिथे त्याने कधी कुणावर हात टाकला नाही. कारखान्याच्या मालकाने मजुरी कापली तेव्हा तो दारूच्या वासासकट त्याच्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. दारूने भान जातं म्हणावं, तर कोणाला मारता येतं आणि कोणाला नाही याचं भान मात्र शाबूत होतं. आपल्या भाषेत याला फार जुना शब्द आहे: वड्याचं तेल वांग्यावर. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये मांडलं की अडवणूक झाली की माणसात आक्रमकता तयार होते, आणि ज्याने अडवलं त्याच्यावर ती काढता आली नाही तर ती दुसरीकडे वळते. पुढे त्यांच्यातल्याच काहींनी दुरुस्ती केली की प्रत्येक अडवणूक हाणामारीत संपत नाही. ही दुरुस्ती मला मूळ सिद्धांतापेक्षा महत्त्वाची वाटते. अक्कांच्या गल्लीत मजुरी सगळ्यांचीच कापली जायची, पण बायकोला सगळे मारत नव्हते.

म्हणून नुसती दारू धरून चालत नाही आणि नुसती गरिबी धरूनही चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये हिंसेवर मोठा अहवाल काढला, त्यात एकात एक बसवलेली चार वर्तुळं आहेत: माणूस स्वतः, त्याची जवळची नाती, त्याचा मोहल्ला आणि सगळा समाज. अक्कांच्या नवऱ्यालाच त्यांत ठेवून बघा. तो स्वतः बापाला आईवर हात टाकताना बघत वाढला. मुलं बघून शिकतात हे सांगायला खरं तर प्रयोग नको, पण अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये तोही केला. मोठ्या माणसाला बाहुल्याला बडवताना बघितलेली मुलं संधी मिळाल्यावर तसंच करू लागली. नात्यांत बघाल तर सासू म्हणायची, “तुझ्या सासऱ्याचं बघितलं नाहीस तू.” मोहल्ल्यात कोपऱ्यावर गुत्ता होता आणि भांडण सुरू झालं की आमची सगळ्यांची दारं बंद व्हायची, आमच्या घराचंही. आणि समाजात? तिथे अक्कांच्या कमाईवर घर चालत असूनही घर नवऱ्याचं होतं. त्या रात्री बाहेर पडून त्या जाणार कुठे?

ही चारही वर्तुळं एका माणसावर एकाच रात्री येऊन थांबली की हात उठतो. त्यातलं एखादं ढिलं झालं तर कदाचित उठत नाही. ‘कदाचित’ हा शब्द इथे मुद्दाम आहे. अप्रत्यक्ष कारणं हिंसेची शक्यता वाढवतात, ती माणसाला ढकलत नेत नाहीत. शेवटचं पाऊल ज्याचं, जबाबदारी त्याची. अक्कांच्या नवऱ्याला मी आजही दोषी मानते. त्याची मजुरी कापली गेली हे मला कळतं, तरीही मानते. कारण समजून घेणं आणि माफी देणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या विषयावरच्या निम्म्या भांडणांत त्यांचीच गल्लत झालेली असते.

गाल्टुंग यांनी १९९० मध्ये तिसरी गोष्ट जोडली: सांस्कृतिक हिंसा. म्हणजे हात आणि भिंत दोन्ही बरोबर आहेत असं आपल्याला वाटायला लावणारी बोली, समजुती, म्हणी. मराठीत शोधायला लांब जायला नको. ‘छडी लागे छमछम, विद्या येई घमघम’ हे आपण कौतुकाने म्हणत आलो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलाला मारायला बंदी घातली, तरी म्हण जिभेवर आहे. ‘भांड्याला भांडं लागणारच.’ आणि सगळ्यांत बोचणारी ती: नवऱ्याने मारलं, पावसाने झोडपलं, तक्रार कुणाकडे करायची? या म्हणीने नवऱ्याला पावसाशेजारी नेऊन बसवलं. पावसावर कुठे खटला भरता येतो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, विचारलं गेलं की काही कारणांनी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे का. देशातल्या ४५ टक्के स्त्रियांनी निदान एका कारणासाठी तरी हो म्हटलं. पुरुषांत हा आकडा ४४ टक्के. स्त्रियांचा आकडा पुरुषांपेक्षा कमी नाही, इथे मी बराच वेळ थबकले होते. मग नळावरचं बोलणं आठवलं.

सोलापुरात पाण्याचं उदाहरण रोजचं आहे. उजनी धरण जिल्ह्यातच, पण शहरात वर्षानुवर्षं नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येत आलं. मग हंड्यावरून झिंज्या धरल्या जातात आणि लोक म्हणतात, या बायकाच भांडखोर. रोज पाणी येणाऱ्या कॉलनीत बायका हंड्यावरून भांडत नाहीत, त्या काही जन्मतः शांत नसतात.

आता एक मोठी गोष्ट, जी आपल्याच जिल्ह्याची आहे आणि जी आपण लवकर विसरलो.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवारचा आठवडी बाजार. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाच्या पाच माणसांना जमावाने मुलं पळवणारी टोळी समजून पकडलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि मरेपर्यंत मारलं. पाचांतले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले होते. ज्या मातीत चोखोबा गाडले गेले, त्याच मातीतली माणसं.

प्रत्यक्ष कारण सगळ्यांना माहीत आहे: व्हॉट्सअ‍ॅपवरची अफवा. त्या वर्षी देशभर मुलं पळवणाऱ्यांच्या चित्रफिती फिरत होत्या. त्यातली एक तर कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जाहिरातीतून कापलेली होती. मूळ फितीत शेवटी मूल परत आणून सोडतात. तेवढाच तुकडा छाटलेला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तात्काळ कारणावर तात्काळ उपाय; तो हवाच होता.

पण ती अफवा त्या महिन्यांत लाखो फोनवर होती. लाखो ठिकाणी माणसं मेली नाहीत. मग ही पाचच का?

इथे भिंत शोधावी लागते. मंगळवेढ्याची काळी जमीन ज्वारीचं कोठार म्हणून मिरवते, पण त्याच तालुक्यातली दक्षिणेकडची गावं पाण्यासाठी वर्षानुवर्षं झगडत आली आहेत. ज्यांना जमीनच नाही त्यांनी पोटासाठी गाव सोडायचं, पाल टाकायचं, दारोदार फिरायचं. परक्या गावात ओळख सांगणारं कोणी नाही. वेगळा वेश, वेगळी बोली. ज्याच्या बाजूने बोलणारं कोणी नाही, त्याच्यावर संशय घ्यायला पुरावा लागत नाही.

आणि भटक्यांवरचा हा संशय आपोआप उगवलेला नाही, तो कायद्याने पेरलेला आहे. सोलापुरात ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आहे. तिथे राहणाऱ्या-जाणाऱ्या किती जणांना हे नाव कशावरून पडलं ते ठाऊक असेल? इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि १९११ मध्ये तो देशभर लागू करता येईल असा केला. एखाद्या जातीत जन्म झाला एवढ्यावरून माणूस गुन्हेगार. त्याची नोंद व्हायची, त्याने हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. अशा जमातींना सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसवलं ती ही सेटलमेंट. तिथल्या माणसांच्या हातांनी शहरातल्या कापडगिरण्याही चालल्या; भोंगा झाला की कामाला, पाळी सुटली की परत तारेआड. पाळण्यातलं मूलसुद्धा त्या तारेच्या आतलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. पण लगेच सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे आले, आपल्याकडचा १९५९ चा. चोरी झाली की आधी पालांवर जायचं ही रीत तशीच राहिली. कायदा कागदावरून खोडता येतो. पाऊणशे-ऐंशी वर्षं सगळ्या समाजाला दिलेली शिकवण त्याबरोबर खोडली जात नाही. ‘फिरस्ता दिसला की पोरं आत घ्या’ हे आपल्यापैकी कितीजणांनी आजीकडून ऐकलंय? मी ऐकलंय. माझ्या आजीचा स्वभाव अतिशय मायाळू होता.

राईनपाड्यात हात जमावाचे होते. भिंत जमीन नसण्याची, पाणी नसण्याची, ओळख नसण्याची होती. आणि ‘भटका म्हणजे चोर’ हा गिलावा जवळपास दीडशे वर्षं जुना. अफवेला हे तिन्ही आयतं मिळालं. त्यातल्या एकावरच बोट ठेवून, व्हॉट्सअ‍ॅपचा दोष किंवा अडाणी लोकांचा दोष म्हणून, आपण मोकळे झालो. त्या वेळच्या बातम्या आठवून बघा.

त्याच सुमारास मालेगावातही अशाच अफवेवरून एका कुटुंबाला जमावाने घेरलं होतं. सोबत लहान मूल होतं. तिथल्या एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतलं, पोलीस आले आणि माणसं वाचली. तीच अफवा, तेच दिवस, तसाच जमाव. त्या माणसाला ही चार वर्तुळं कुणी समजावली नव्हती. सगळी कारणं एका बाजूला जमलेली असतानाही मधे दार उघडणारा एक माणूस असू शकतो. म्हणून राईनपाड्यातल्या प्रत्येक हाताला त्याच्या वाटचा दोष आहेच.

गाल्टुंग यांच्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि मला त्यात तथ्य वाटतं. गरिबी, रोग, विषमता, सगळ्यालाच हिंसा म्हटलं तर शब्दाची धार जाते. खून आणि पाण्याची टंचाई एका पंगतीत बसतात. ज्याचा माणूस मारला गेलाय त्याला हे ऐकवून बघा. म्हणून दोन्हींना एकच नाव देण्यापेक्षा एकातून दुसरं कसं निघतं हे बघणं मला जास्त उपयोगाचं वाटतं. चोखोबांच्या बाबतीत मात्र मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने उभी राहू शकत नाही. तिथे हात नव्हता, भिंतच होती, आणि तिने माणसं मारली.

आणखी एक आकडा सांगायचा राहिला. २००२ च्या त्या अहवालाने २००० सालात जगभर हिंसेने सुमारे १६ लाख माणसं मेली असा अंदाज दिला. जवळपास निम्म्या आत्महत्या होत्या, आणि युद्धातले मृत्यू पाचवा हिस्सा. स्वतःवर उगारलेला हातही हिंसेत मोजायचा असतो. ज्या जिल्ह्यात कर्जबाजारी शेतकऱ्याच्या घराबाहेर मांडव पडलेला अनेकांनी पाहिलाय, तिथे हे जास्त उलगडून सांगायची गरज नाही.

मग करायचं काय, असं कोणीही विचारेल. हात उठलेला असताना भिंतीवर चर्चा करायची नसते, ११२ लावायचा. २००५ च्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याने मारहाणीबरोबर शिवीगाळ, मानसिक छळ आणि पैशाची कोंडीसुद्धा हिंसेत धरली आहे, आणि राहत्या घरातून बाईला हुसकता येणार नाही असं सांगितलं आहे. या तरतुदी अजून बऱ्याच घरांत माहीत नाहीत.

भिंतीचं काम मंद असतं, पण होतं. बिना अगरवाल आणि प्रदीप पांडा यांनी केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात अभ्यास करून २००५ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या विवाहितांच्या नावावर जमीन किंवा घर यांपैकी काहीच नव्हतं, त्यांच्यातल्या ४९ टक्के जणींनी नवऱ्याची मारहाण सोसलेली होती. जमीन आणि घर दोन्ही नावावर असलेल्यांत ते प्रमाण ७ टक्के होतं. पुरुष तेच, दारूही तीच मिळते. बदललेला होता तो सातबारा आणि घराचा उतारा.

हे वाचलं तेव्हा मला अक्का आठवल्या. सोलापूरजवळ कुंभारीच्या माळावर विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने वसाहत झाली, सुमारे दहा हजार घरांची. तिथे अक्कांना घर मिळालं, त्यांच्या स्वतःच्या नावावर. मागे भेटायला गेले तर ओट्यावर सूप घेऊन बसलेल्या, बोटं थोडी मंद झालेली. नवरा आत खाटेवर होता. मी हळूच विचारलं, “आता कसं आहे?”

“पितो की अजून,” त्या म्हणाल्या. “इथे आल्यावर एकदा हात उचलला होता. मी म्हटलं, बाहेर हो. घर माझं आहे.”

“मग?”

“मग काय, झाला बाहेर. रात्रभर ओट्यावर बसला होता. सकाळी चहा दिला.” आणि त्यांनी पुढचं पान कातरायला घेतलं.